दोन केंद्रांच्या मध्ये एक तालुका
आकाशवाणी मुंबई केंद्राची वाटचाल : खालापूर-कर्जतच्या बाजूने

मुंबईच्या नभोवाणी केंद्राला २३ जुलै २०२७ रोजी शंभर वर्षे पूर्ण होतील. या केंद्राविषयी जे लिहिले जाते ते बहुधा स्टुडिओच्या आतून लिहिले जाते. कोण गायले, कोण बोलले, कोणत्या कार्यक्रमाने नाव काढले, असा तो हिशेब असतो. स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला घेताना आम्ही बसण्याची जागा बदलली. माइकपुढे बसण्याऐवजी संचापुढे बसलो, आणि तोही रायगड जिल्ह्यातल्या खालापूर-कर्जत पट्ट्यातल्या.

या पट्ट्याची जागाच मोठी विलक्षण आहे. चर्चगेटजवळचे आकाशवाणी भवन खालापूरपासून सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर, तर पुणे सुमारे ७० किलोमीटर. पुण्याकडे बोरघाटाची भिंत, मुंबईकडे पनवेलपर्यंत उतरत जाणारा मोकळा सखल भाग. त्यामुळे दोन्ही केंद्रे इथे ऐकू आली आणि दोन्ही आपलीच वाटली. मात्र शंभर वर्षांत आवाजाची ये-जा एकाच दिशेने होत राहिली. मुंबईचे बोलणे खालापूरला पोहोचले, खालापूरचे बोलणे मुंबईला क्वचितच. मुंबई केंद्राचे मोठेपण मान्य करूनच ही गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या वाटचालीचा प्रश्न तिथेच आहे.

वर्तुळाच्या काठावर

मुंबईत हौशी प्रसारण १९२३ मध्येच सुरू झाले होते. रेडिओ क्लबची मंडळी मर्यादित वेळ कार्यक्रम करीत. नियमित प्रसारण मात्र २३ जुलै १९२७ पासूनचे. त्या दिवशी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केले, आणि देशातले पहिले बातमीपत्रही त्याच दिवशी मुंबईहून गेले. महिन्याभराने, २६ ऑगस्टला, कलकत्ता केंद्र सुरू झाले.

मुंबईच्या प्रक्षेपकाची ताकद होती अवघी दीड किलोवॅट. खात्रीने ऐकू येण्याचा टप्पा साधारण ३० मैलांचा, म्हणजे ४८ किलोमीटरांचा. नकाशावर मुंबईभोवती तेवढे वर्तुळ काढले तर खालापूर आणि कर्जत रेषेच्या जेमतेम बाहेर पडतात. रात्री कुणाला चांगल्या एरियलवर काही ऐकू आले असेलही, पण कंपनीच्या हिशेबात आपला भाग नव्हता.

गंमत अशी, की ज्या मुंबईत हे केंद्र उभे राहिले तिला वीज याच दोन तालुक्यांतून जात होती. घाटमाथ्यावरच्या तळ्यांचे पाणी मोठमोठ्या नळांतून खाली सोडून टाटांचे खोपोलीचे पॉवर हाऊस १९१५ पासून, आणि कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे १९२२ पासून, मुंबईच्या गिरण्यांना व शहराला वीज पुरवीत होते. त्या उच्च दाबाच्या तारा ज्या गावांच्या डोक्यावरून गेल्या, त्यांतल्या बहुतेक गावांत तेव्हा कंदीलच होता. वीज इथून तिकडे, आवाज तिकडून इकडे, आणि दोन्हींतले फारसे काही गावात उतरत नाही, अशी ती सुरुवात.

कंपनी चालली नाही. रेडिओ ठेवायला वर्षाला दहा रुपयांचा परवाना लागे, आणि परवानाशुल्क हेच कंपनीचे मुख्य उत्पन्न. १९२७ अखेर साऱ्या देशात परवाने होते ३,५९४. पुढच्या तीन वर्षांत ते आठ हजारांच्या आतच राहिले. संच महाग, कार्यक्रमांत शहरी आणि युरोपीय श्रोत्यांचा विचार जास्त, त्यात चोरून ऐकणारेही पुष्कळ. १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे वाजले. १ एप्रिलपासून सरकारने ती प्रयोग म्हणून चालवायला घेतली आणि १९३२ मध्ये कायमची ठेवून घेतली. ऑगस्ट १९३५ मध्ये बीबीसीचे लायोनेल फील्डन प्रसारण नियंत्रक म्हणून आले. ८ जून १९३६ रोजी 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले.

याच सुमारास मुंबई केंद्रावर युरोपीय संगीताची जबाबदारी सांभाळणारे वॉल्टर कॉफमन यांनी केंद्राच्या सुरुवातीची ती प्रसिद्ध धून बांधली. हिटलरच्या छायेतून निघून मुंबईत आसरा घेतलेल्या या ज्यू संगीतकाराची धून पुढे देशभर वाजली. पहाटे संच लावून ठेवला की आधी नुसती खरखर, मग तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिन, आणि मग निवेदकाचा आवाज. कोकणातल्या आणि घाटावरच्या कित्येक घरांत दिवस असाच उजाडला.

सरकारी आवाज आणि चोरटा आवाज

बातम्यांचा कारभार पहिल्यापासून दूरचा राहिला. १९३५ पर्यंत मुंबईहून रोज दोन बातमीपत्रे जात, एक इंग्रजीत आणि एक हिंदुस्थानीत. मराठी मुलखाच्या राजधानीसारख्या या शहरातून मराठीत बातमीपत्र नव्हते. १९३७ मध्ये दिल्लीत मध्यवर्ती वृत्त संघटना स्थापन झाली आणि बातम्या गोळा करणे, लिहिणे, तपासणे हे सारे तिकडे गेले. महायुद्ध सुरू होताच प्रांतिक भाषांतली बातमीपत्रे वाढली, पण तीही दिल्लीहूनच. ४ फेब्रुवारी १९३८ पासून मुंबईला दहा किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक मिळाला होता. टप्पा वाढला, वर्तुळ मोडले, आपले तालुके आत आले. मात्र आत येऊन काय ऐकायचे हे सरकार ठरवणार होते.

याला उत्तर मिळाले १९४२ मध्ये, आणि तेही मुंबईतूनच. ९ ऑगस्टच्या पहाटे 'चले जाव' चळवळीचे नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर बंधने आली. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटरवर एक आवाज ऐकू आला : हा काँग्रेस रेडिओ आहे, भारतातून कुठून तरी बोलतो आहे, अशा अर्थाची ओळख देणारा. उषा मेहता आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी चालवलेले हे गुप्त केंद्र मुंबईत जागा बदलत फिरत होते. सरकारी बातमीपत्रांत ज्या घटनांना थारा नव्हता, त्या इथे सांगितल्या जात. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी प्रसारण चालू असतानाच धाड घातली. केंद्र जेमतेम अडीच महिने चालले. पण रेडिओवरून बातमी कुणी द्यायची या प्रश्नाची मुंबईतली खरी सुरुवात त्या अडीच महिन्यांत झाली.

त्याच महिन्यांत आपल्या भागात काय चालले होते? माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी कर्जत, नेरळ, मुरबाड पट्ट्यातल्या आदिवासी व शेतकरी तरुणांना घेऊन आझाद दस्ता उभा केला होता. हा दस्ता रानातून फिरे आणि मुंबईला जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडी. ज्या तारांवर मुंबई उजळत होती त्याच तारांना हात घातल्याने सरकार हादरले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. मुंबईत एक मंडळी सरकारी लहरींच्या शेजारी आपली लहर उभी करीत होती आणि कर्जतच्या रानात दुसरी मंडळी त्या शहराची वीज तोडत होती. दोघांचा शत्रू एकच होता.

बातमी दिल्लीची, बोलणे मुंबईचे

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. प्रसारण देशाच्या अडीच टक्के भूभागावर आणि अकरा टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचत होते. महाराष्ट्रापुरते पाहिले तर पुढची वाढ झपाट्याची. १६ जुलै १९४८ ला नागपूर, २ ऑक्टोबर १९५३ ला पुणे, १९६३ मध्ये सांगली, मग परभणी, जळगाव, रत्नागिरी. पन्नाशीच्या दशकात प्रादेशिक वृत्त विभाग सुरू झाले आणि 'प्रादेशिक बातम्या' हा शब्द घराघरांत रुळला. दिल्लीहून येणारे राष्ट्रीय मराठी बातमीपत्र वेगळे, मुंबईचे आणि पुण्याचे वेगळे. घड्याळे त्यावर लावली जात. पुण्याच्या सकाळच्या बातम्यांतला सुधा नरवणे यांचा आवाज ओळखायला नाव ऐकावे लागत नसे.

मुंबई केंद्राचे खरे वैभव मात्र बातम्यांपेक्षा बोलण्यात होते. केंद्राच्या भाषेत ज्याला भाषित कार्यक्रम म्हणत, त्या भाषणे, मुलाखती, श्रुतिका, नभोनाट्ये आणि संवाद यांच्यात. 'वनिता मंडळ' दुपारच्या वेळी लागे. लीलावती भागवतांसारख्या लेखिकेने त्याला घरगुती पण जाणता सूर दिला. 'आपली आवड'मध्ये पोस्टकार्डावर आलेली नावे गावासकट वाचली जात. आपल्या गावाचे नाव रेडिओवर ऐकण्याची संधी बहुतेकांना तेवढीच. 'पुन्हा प्रपंच'मध्ये बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांनी मध्यमवर्गीय घरातली नोकझोक इतकी खरी केली, की मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही माणसे श्रोत्यांच्या नात्यातलीच होऊन बसली. गावभर पसरलेल्या पेचप्रसंगावर एखाद्या सरकारी भाषणाने जे साधले नसते ते त्या दहा-पंधरा मिनिटांच्या गप्पांत साधे. महागाई, पाहुणे, पोरांचे शिक्षण, नव्या योजनेची फजिती, सगळे त्यात यायचे.

संगीताकडे पाहिले तर आपल्या जिल्ह्याचाही मोठा वाटा निघतो. 'भावसरगम'मधून मराठी भावगीताला घडवणारे यशवंत देव हे मूळचे पेणचे. मुंबई केंद्रातली त्यांची कारकीर्द म्हणजे भावगीताच्या इतिहासातले एक प्रकरणच. पुण्याने १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर 'गीतरामायण' दिले. ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत आठवड्यामागून आठवडा ऐकायला लोक संचाभोवती जमत. दोन केंद्रांच्या मध्ये असण्याचा फायदा इथल्या श्रोत्याला असा मिळाला. मुंबईची भावगीते आणि पुण्याचे गीतरामायण दोन्ही एकाच संचावर.

'कामगार सभा' हा मुंबई केंद्राचा आणखी एक खास कार्यक्रम. संध्याकाळी गिरणी सुटल्यावर ऐकायचा. गाणी, श्रुतिका आणि कामगारांच्या प्रश्नांची चर्चा असे त्याचे स्वरूप. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातली माणसे मोठ्या संख्येने. त्यात खोपोलीच्या पट्ट्यात पुढे कागद, पोलाद आणि रसायनांचे कारखाने उभे राहिले. त्यामुळे 'कामगार' हा शब्द इथल्या घरांनाही परका नव्हता. मुलगा मुंबईत चाळीत आणि बाप गावी शेतात असला तरी संध्याकाळी दोघांच्या कानावर एकच कार्यक्रम.

परवाना, ट्रान्झिस्टर आणि ग्रामपंचायतीचा कर्णा

आवाज गावात उतरला तो तीन मार्गांनी. पहिला ग्रामपंचायतीचा सार्वजनिक संच. सरकारी अनुदानाने गावोगाव असे संच दिले गेले. चावडीवर किंवा शाळेत संच, बाहेर कर्णा, आणि शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमाच्या वेळी जमलेली मंडळी. १९५६ मध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेती मंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत लोक ठरलेल्या वेळी एकत्र ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. ऐकणाऱ्याकडून केंद्राकडे उलट बोलणे जाण्याची व्यवस्था महाराष्ट्रात पहिल्यांदा झाली ती इथे. प्रयोग गाजला, देशभर नेण्यात आला, आणि पुढे वरून आलेल्या प्रत्येक योजनेचे होते तसे त्याचे झाले.

दुसरा मार्ग पोस्टातून जाई. रेडिओचा परवाना म्हणजे पासबुकाएवढी पुस्तिका. दरवर्षी टपाल कार्यालयात शुल्क भरायचे, पानावर तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. परवाना नसेल तर दंड. त्यामुळे तपासनीस येणार अशी नुसती आवई उठली तरी संच कपाटात जाई. ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर संपली तेव्हा रेडिओपेक्षा लोकांचा जीव हलका झाला.

तिसरा आणि खरा मार्ग ट्रान्झिस्टरचा. सत्तरच्या दशकात तो स्वस्त झाला. त्याला वीज लागत नाही, दोन-चार सेल पुरतात. खालापूरच्या शेतकऱ्याला त्याचे एक तंत्र हाताळूनच कळले. मध्यम लहरींच्या संचात तारेचे वेटोळे गुंडाळलेली एक काळी कांडी असते. तीच त्याची एरियल. ती आडवी असते आणि तिच्या टोकांकडून येणाऱ्या लहरीपेक्षा बाजूने येणारी लहर ती अधिक चांगली पकडते.  ७९२ किलोहर्ट्झवर पुणे, ५५८ वर मुंबईची मराठी वाहिनी. खुंटीला टांगलेला संच थोडाफार वळवून आवाज स्वच्छ करून घेणे ही इथली रोजची सवय. रात्री लहरी आकाशातल्या थरांवरून परतून येत. मग मुंबई-पुण्याच्या आजूबाजूने दूरदूरची केंद्रे घुसत, कधी सिलोनची गाणी, कधी अनोळखी भाषा. आकाशवाणीला सिनेमाच्या गाण्यांची अढी होती त्या काळात ज्या घरी रेडिओ सिलोन लावला जाई, त्या घरीही बातम्यांच्या वेळेला काटा परत मुंबईवर येई.

इतिहासातल्या मोठ्या बातम्या इथल्या माणसांनी रेडिओवरच ऐकल्या. नेहरूंचे निधन, १९६५ आणि १९७१ची युद्धे, ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप, आणीबाणीतली सपाट बातमीपत्रे. शेवटचा अनुभवही सांगण्यासारखा. १९७५ ते ७७ मध्ये संच तेच होते, निवेदकांचे आवाज तेच होते, पण ऐकणाऱ्याने वाक्यामागचे वाक्य शोधायला सुरुवात केली. खेड्यातल्या माणसालाही सरकारी आवाज म्हणजे काय, हे त्या दिवसांत कुणी समजावून सांगावे लागले नाही.

दहा मिनिटांत किती तालुके मावतात

खालापूरची बातमी मुंबई केंद्रावर का कमी लागते, याचे उत्तर द्वेषात किंवा आळसात शोधण्याचे कारण नाही. ते रचनेत आहे. दहा मिनिटांच्या बातमीपत्रात संथ, स्पष्ट वाचनाने हजाराच्या आसपास शब्द बसतात. ठळक बातम्या सुरुवातीला आणि शेवटी दोनदा सांगायच्या. मंत्रालय, विधिमंडळ, न्यायालय, मुंबई महापालिका, क्रिकेट आणि हवामान यांनी आपली जागा घेतली की उरलेल्या शब्दांत सारे राज्य बसवायचे. जिल्ह्यामागे एक अंशकालीन वार्ताहर ही आकाशवाणीची जुनी पद्धत. रायगडचा कारभार अलिबागहून चालतो. खालापुरातली घटना आधी तहसील कचेरीत नोंदली जाते, मग अलिबागला कळते, मग वार्ताहराच्या हाती लागते, मग मुंबईला, आणि मग संपादकाला ती राज्याच्या महत्त्वाची वाटली तर हवेत. तोवर पाताळगंगा नदीचे पाणी ओसरलेले असते.

जिल्हा वार्तापत्रासारख्या सदरांनी ही उणीव थोडी भरली. आठवड्यात कधी तरी पाच-सात मिनिटे एका जिल्ह्याला मिळत. त्या वार्तापत्रात खालापूर आले की लोक सांगत, 'काल आपलं नाव आलं.' नाव येणे हीच बातमी व्हावी इतके ते दुर्मीळ. आकाशवाणीची संथ गतीची बातमीपत्रेही इथल्या सार्वजनिक जीवनाला उपयोगी पडली. निवेदक वाक्य थांबून थांबून वाची. लहान गावांतले संपादक ते लिहून घेत आणि आपल्या साप्ताहिकात छापत. देशाच्या बातमीचा प्रवास असा रेडिओवरून कागदावर होई. गावाच्या बातमीचा प्रवास उलट, कागदावरून रेडिओवर, मात्र फारसा झाला नाही.

१ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. पुढे नाव बदलले तसे बरेच काही बदलत गेले. खोपोली औद्योगिक नगर झाली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून गेला आणि खालापूरचे नाव टोल नाक्यामुळे राज्यभर लोकांच्या तोंडी बसले. बातमीत खालापूर आले तर ते अपघाताच्या आणि वाहतूक कोंडीच्या वाक्यात. तालुक्यावरून जाणाऱ्यांची बातमी झाली, तालुक्यात राहणाऱ्यांची नाही.

एफएम आले, बातमी आली नाही

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली. या शतकाच्या आरंभी मुंबईत खासगी एफएम वाहिन्यांची रांग लागली. द्रुतगती मार्गावरून घाटाकडे निघालेल्या गाडीत मुंबईची वाहिनी खालापूरच्या पुढे खरखरू लागते आणि घाट चढून लोणावळ्याकडे सरकले की पुण्याची पकड घेते. एफएमच्या लहरी डोंगर ओलांडत नाहीत, मध्यम लहरींसारख्या जमिनीलगत वाकून येत नाहीत. खालापूर-कर्जतच्या दऱ्याखोऱ्यांतल्या वाड्यांना एफएमची क्रांती अर्धीमुर्धीच पोहोचली.

आणि जी पोहोचली तिच्यात बातमी नव्हती. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी आजही नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा सहप्रक्षेपित करता येतात. वाहतूक, हवामान, परीक्षा, वीज-पाणी, नैसर्गिक आपत्तीची सूचना, एवढे 'बातमी' धरले जात नाही म्हणून चालते. नोव्हेंबर २००६ मध्ये केंद्र सरकारने सामुदायिक रेडिओचे दार शैक्षणिक संस्थांबाहेर, स्वयंसेवी संस्थांसाठीही उघडले. शंभर वॉटचा प्रक्षेपक, दहा-पंधरा किलोमीटरांचा टप्पा, लोकांनी लोकांसाठी चालवायचे केंद्र. सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या 'माणदेशी तरंग'ने दुष्काळी माण तालुक्यात बाजारभाव, आरोग्य, महिलांचे प्रश्न आणि स्थानिक गाणी यांचा असा संसार मांडून दाखवला. एका तालुक्यापुरता रेडिओ चालू शकतो हे त्यातून सिद्ध झाले. फक्त बातम्या देता येत नाहीत. सरपंच काय म्हणाले, पंचायत समितीत काय ठरले, पाण्याच्या टँकरचे कंत्राट कुणाला, हे तालुक्याच्या रेडिओने बातमी म्हणून सांगायचे नाही. १९३७ मध्ये दिल्लीने हातात घेतलेली बातमीची दोरी अजून पुरती सैल झालेली नाही.

दरम्यान आकाशवाणीने काही दोऱ्या सोडल्याही. दिल्लीहून होणारी राष्ट्रीय मराठी बातमीपत्रे मुंबईला आली. पण दुसरीकडे जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करण्याचा निर्णय बाहेर आला. श्रोते, पत्रकार आणि लोकप्रतिनिधी सर्वांनी विरोध केला, आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. मोबाइलवर सारे जग असताना सकाळच्या दहा मिनिटांसाठी लोक इतके का भांडले, याचे आश्चर्य अनेकांना वाटले. खालापूरच्या श्रोत्याला ते वाटायचे कारण नाही.

जुलै २०२३

त्यानंतर महिन्याभराने, १९ जुलै २०२३च्या रात्री, खालापूर तालुक्यात चौकजवळ इर्शाळगडाच्या कुशीतल्या ठाकर समाजाच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतकर्ते, डॉक्टर, मंत्री, सारे पावसात चिखलाची वाट चढून गेले. यंत्रे वर नेता येत नव्हती, म्हणून बराचसा ढिगारा हातांनी उपसला गेला. वाडीची वस्ती २२८. सत्तावीस मृतदेह मिळाले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. शोधकार्य २३ जुलैला थांबवण्यात आले. २३ जुलै हा देशात राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून पाळला जातो, कारण १९२७ मध्ये त्याच तारखेला मुंबईहून पहिले बातमीपत्र गेले होते.

त्या चार दिवसांत खालापूरचे नाव देशभर प्रत्येक बातमीपत्रात होते. आकाशवाणीने ते सांगितले आणि नीट सांगितले. तालुक्यात स्वतःचे केंद्र असते तर दरड कोसळली नसती असे कुणी म्हणणार नाही. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हतीच, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. पण यादी कुठून तयार होते? डोंगराला तडा गेला, झऱ्याचे पाणी गढूळ झाले, झाडे कलली, हे पहिल्यांदा पाहतात ते वाडीवरचे लोक. ते सांगण्याची जागा त्यांना हवी, आणि ज्यांना त्याचा अर्थ कळतो त्यांनी ते ऐकायला हवे. बातमीपत्राच्या भाषेत याला स्थानिक बातमी म्हणतात, आणि शंभर वर्षांच्या रचनेत तिची जागा सगळ्यात शेवटी आहे.

शताब्दीकडे

या संस्थेने आपल्याला काय दिले याची यादी मोठी आहे. भाषा दिली. 'श्रोतेहो' म्हणून हाक मारणारी स्वच्छ, आदबशीर मराठी, जी कोकणातल्या आणि घाटावरच्या घरांत सारखीच समजली. शेतकरी, कामगार, गृहिणी आणि मुले यांना स्वतंत्र वेळ दिला, तेव्हा दुसरे कुणी देत नव्हते. कलावंत दिले आणि त्यांना घडवले. संकटाच्या रात्री खात्रीची बातमी दिली. हे ऋण मान्य करूनच श्रोत्यांच्या वतीने मुंबई केंद्रापुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

एक, पावसाळ्याचे चार महिने रायगडमधील घाटपायथ्याच्या तालुक्यांसाठी, म्हणजे खालापूर, कर्जत, सुधागड, पोलादपूर, महाड यांच्यासाठी, रोज पाच मिनिटांचे स्वतंत्र वार्तापत्र असावे. पाऊस किती झाला, उल्हास आणि पाताळगंगा किती वाढल्या, कोणता घाट बंद आहे, कोणत्या वाडीवरून तडे गेल्याची तक्रार आली, एवढेच त्यात सांगायचे. मध्यम लहरींचा प्रक्षेपक आजही डोंगर ओलांडतो. मोबाइल पोहोचत नाही अशा वाड्यांपर्यंत जाणारी ती वाट आहे.

दोन, त्या वार्तापत्राला तालुक्याचा वार्ताहर असावा. त्याने तहसील कचेरीच्या नोंदीवर थांबू नये, वाड्यांवर फोन करावा. कर्जतच्या भात संशोधन केंद्रातल्या तज्ज्ञांनी भाताच्या लावणीबद्दल आणि रोगांबद्दल तिथूनच बोलावे. ठाकर आणि कातकरी बोलीत सूचना द्याव्यात. ज्यांनी डोंगर आयुष्यभर वाचला आहे त्यांचा अनुभव ध्वनिमुद्रित करून ठेवावा.

तीन, सामुदायिक रेडिओंना स्थानिक बातम्या देण्याची परवानगी मिळावी यासाठी आकाशवाणीनेच पुढाकार घ्यावा. वृत्तलेखनाचे नियम, खात्री करण्याची शिस्त, अफवा आणि बातमी यांतला फरक, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक नाही. तालुक्यातल्या तरुणांना ती हे शिकवू शकते. बातमी देण्याचा हक्क शिकवणाऱ्या हातांनीच दिला, तर त्याचा गैरवापर होण्याची भीतीही कमी होईल.

शताब्दीला मुंबईत सोहळा होईल, जुनी ध्वनिमुद्रणे ऐकवली जातील, जुन्या निवेदकांचा सत्कार होईल. हे सारे व्हायलाच हवे. त्याच वर्षीच्या जून महिन्यात घाटपायथ्याचे ते पाच मिनिटांचे वार्तापत्र सुरू झाले, तर मुंबई केंद्राच्या दुसऱ्या शतकाची सुरुवात पहिल्या शतकाने वर्तुळाबाहेर ठेवलेल्या तालुक्यांपासून झाली, असे पुढच्या स्मरणिकेत लिहिता येईल.